पाच वेळा कप जिंकला, पण स्वतःचं मैदानच नव्हतं!

एफए कप ही जगातली सगळ्यात जुनी फुटबॉल कप स्पर्धा. तिच्या पहिल्या सात फायनलपैकी पाच एकाच क्लबने जिंकल्या. मँचेस्टर? लिव्हरपूल? छे! त्या क्लबचं नाव वाँडरर्स, म्हणजे ‘भटके’.

१८५९ मध्ये लंडनजवळच्या लेटनस्टोनला हॅरो शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी हा क्लब काढला. तेव्हा नाव होतं फॉरेस्ट. १८६४ मध्ये नाव बदललं, कारण आता हक्काचं मैदानच नव्हतं. आज इथे, उद्या तिथे. खेळणारे सगळे खात्यापित्या घरचे, पगार कुणालाच नाही.

क्लबचा सूत्रधार चार्ल्स अल्कॉक. एफए कपची कल्पना त्याची, फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी तोच आणि पहिला कप उचलणाऱ्या टीमचा कॅप्टनही तोच! गल्लीत बॅट ज्याची, बॅटिंग त्याची, तसलाच प्रकार.

तो पहिला प्रवासही गमतीशीर आहे बरं का. पहिल्या फेरीत समोरची टीम आलीच नाही. दुसरी फेरी जिंकली. तिसरीत बरोबरी, तर दोन्ही टीम पुढे! सेमीफायनलला ग्लासगोच्या क्वीन्स पार्कशी ०-०. पुन्हा सामना खेळायचा, तर ग्लासगोवाल्यांना लंडनचा खर्च परवडेना. त्यांनी माघार घेतली. म्हणजे एकच सामना जिंकून हे फायनलमध्ये! १६ मार्च १८७२ला ओव्हलवर, हो, तेच क्रिकेटचं ओव्हल, त्यांनी रॉयल इंजिनिअर्सना १-० हरवलं. गोल मॉर्टन बेट्सचा, तोही टोपणनावाने खेळून.

पुढच्या वर्षी कप राखणाऱ्या टीममध्ये होता विल्यम केन्यन-स्लेनी. जन्म कुठला? आपल्या राजकोटचा! त्याच मार्चमध्ये त्याने स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचा पहिलावहिला आंतरराष्ट्रीय गोल मारला होता.

१८७६, ७७, ७८: सलग तीन कप. नियमाप्रमाणे कप कायमचा त्यांचा झाला. त्यांनी तो परत दिला. अट एकच, यापुढे कुणालाही तो कायमचा मिळू नये.

आणि इथूनच घसरण. मैदान नाही, गाव नाही, म्हणजे ‘आपली टीम’ म्हणणारं कुणी नाही. होते ते फक्त दोस्त. एटन, हॅरो वगैरे शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे क्लब कपात उतरले, तसे एकेक जण आपापल्या शाळेकडे गेले. मला तरी यात त्यांचा दोष दिसत नाही. पण हिशेब बघा: १८७८-७९च्या हंगामात पहिल्याच फेरीत ओल्ड एटोनियन्सकडून ७-२ असा मार खाल्ला, आणि दोनच वर्षांत कपासाठी अकरा माणसं जमेनात म्हणून नाव मागे घ्यावं लागलं. नंतर उरला नाताळाच्या सुमारास हॅरो शाळेशी होणारा वार्षिक सामना. १८८७च्या आसपास तोही थांबला.

आणि तो परत दिलेला कप? १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका दुकानाच्या शोकेसमधून चोरीला गेला. पुन्हा कधी सापडलाच नाही.