श्वास परत येईपर्यंत

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ रुग्णाला जे प्रश्न विचारतात, त्यांत एक हमखास असतो: "तुमच्या घरात कुणाला भूल दिल्यावर त्रास झाला होता का? श्वास परत यायला फार वेळ लागला होता का?" बहुतेक नातेवाईक 'नाही' म्हणून मोकळे होतात. मधुमेह, रक्तदाब, दमा यांबद्दल विचारलेले समजते. पण मावशीला पंधरा वर्षांपूर्वी दिलेल्या भुलेचा आपल्या अपेंडिक्सशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो १९५१ ते १९५७ या सहा-सात वर्षांत उलगडत गेला. त्या उलगड्यातून औषधशास्त्राला एक नवी शाखा मिळाली. त्याच कथेचा एक धागा कोइमतूर-हैदराबादमार्गे थेट आपल्या मराठवाड्यात येऊन पोचतो.

पोटाची शस्त्रक्रिया करायची तर रुग्ण नुसता झोपलेला असून भागत नाही. त्याचे स्नायू सैल पडावे लागतात. शिवाय घशातून श्वासनलिकेत नळी घालायची असते, आणि स्नायू ताठ असतील तर स्वरयंत्राचे दार उघडतच नाही. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत ते क्युरारे नावाचे विष या कामासाठी १९४२ मध्ये कॅनडातील माँट्रिऑल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी प्रथम वापरले. ते उपयोगी होते, पण त्याचा अंमल लवकर उतरत नसे. भूलतज्ज्ञांना हवे होते ते झटकन चढणारे आणि झटकन उतरणारे औषध.

ते औषध खरे तर हाताशी होते, पण कुणी ओळखले नव्हते. सक्सिनिलकोलीन या पदार्थाचा अभ्यास अमेरिकेत रीड हंट आणि रेने टाव्हो यांनी १९०६ मध्येच केला होता. त्यांना त्याचा रक्तदाबावरील परिणाम पाहायचा होता. प्राणी हलू नयेत म्हणून त्यांनी आधीच क्युरारे टोचून ठेवले होते! स्नायू अगोदरच लुळे. मग नव्या पदार्थाने ते लुळे पडतात हे दिसणार कसे? प्रयोगाची मांडणी उत्तर कसे झाकून टाकते, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. पुढे १९४९ मध्ये रोममध्ये काम करणाऱ्या दानिएल बोव्हे यांनी हा गुण दाखवून दिला, आणि १९५१ मध्ये स्टॉकहोम व व्हिएन्ना येथे त्याचा माणसांवर वापर सुरू झाला. लवकरच 'स्कोलीन' या नावाने ते जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत पोचले.

त्याचे काम समजून घेणे अवघड नाही. मज्जातंतूचे टोक स्नायूला आज्ञा देते ती असेटिलकोलीन या रसायनाच्या मार्फत. आज्ञा दिली की तेथलाच एक विकर ते रसायन क्षणार्धात तोडून टाकतो, म्हणून स्नायू पुढच्या आज्ञेसाठी मोकळा होतो. सक्सिनिलकोलीनचा रेणू म्हणजे असेटिलकोलीनचे दोन रेणू एकमेकांना पाठीला पाठ लावून जोडलेले. स्नायूला तो आज्ञेसारखाच वाटतो. अंगभर क्षणभर थरथर उठते. पण स्नायूजवळच्या विकराला हा जोडरेणू तोडता येत नाही. आज्ञा उठतच नाही, आणि स्नायू लुळा पडतो. यात श्वासाचे स्नायूही आलेच. तोवर भूलतज्ज्ञाने नळी घालून फुगा दाबत श्वास द्यायचा. मिनिटाभरात औषध चढते आणि पाचेक मिनिटांत उतरते.

उतरते कशामुळे? येथे आपल्या कथेचा नायक येतो. यकृतात एक विकर तयार होतो आणि तेथून रक्तरसात सोडला जातो. त्याचे आजचे नाव ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. शिरेत टोचलेले सक्सिनिलकोलीन स्नायूपर्यंत पोचायच्या आतच हा विकर त्यातील बहुतेक, म्हणजे सुमारे नव्वद टक्के, तोडून टाकतो. आपण देतो तो डोस हे नुकसान गृहीत धरूनच ठरवलेला असतो. उरलेले थोडे स्नायूपाशी पोचते, आणि रक्तातील औषध संपले की तेथूनही रक्तात परत ओढले जाते.

आता कल्पना करा की एखाद्याच्या रक्तात हा विकर कामच करत नाही. तर ठरलेला डोस प्रत्यक्षात दहापट ठरेल, आणि रक्तातील औषध संपत नाही तोवर स्नायूपाशी असलेले औषधही हलणार नाही.

नेमके हेच घडू लागले. १९५२ पासून ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत तुरळक नोंदी येऊ लागल्या: पाच मिनिटांत परतायला हवा तो श्वास तासातासाने परतला. शस्त्रक्रिया संपली, टाके घातले, भूल उतरू लागली, आणि रुग्ण श्वास घेत नाही. येथे एक भयानक बारकावा आहे. हे औषध शुद्ध हरपू देत नाही. ते फक्त स्नायू लुळे करते. झोपेचे औषध उतरले तर माणूस पूर्ण जागा असतो, सारे ऐकत असतो, पण पापणीही हलवू शकत नाही. म्हणून अशा वेळी श्वास देत राहायचे आणि झोपेचे औषधही चालू ठेवायचे, हा उपचार ठरला. आजही मुख्य उपचार तोच आहे.

यकृताचा आजार, कुपोषण, गरोदरपण यांत हा विकर कमी होतो हे माहीत होते. पण यातले काही रुग्ण धडधाकट होते. मूळचे जर्मनीचे आणि नंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले जीवरसायनतज्ज्ञ हेर्मान लेहमन यांनी अशा रुग्णांच्या नातेवाइकांचे रक्त तपासायला सुरुवात केली. (हेच ते लेहमन, ज्यांनी मेरी कटबुश यांच्यासह १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल दाखवून दिला. विदर्भातील शिक्षकांना तो आजार वेगळा सांगायला नको.) लेहमन आणि रायन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले की विकराची ही कमी पातळी घराण्यात चालते.

पण 'कमी' हा शब्द बरोबर होता का? ही शंका टोरांटोच्या वेर्नर कालो यांना आली. हेही जर्मनीतून आलेले औषधशास्त्रज्ञ. विकराचे काम अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून मोजण्याची सोपी आणि अचूक पद्धत त्यांनी बसवली होती. त्यांच्या लक्षात आले की अशा रुग्णांच्या रक्तातील विकर नुसता कमी नाही, तो वेगळाच आहे. वेगळेपणा मोजायला त्यांनी डायब्युकेन नावाच्या, जागा बधिर करणाऱ्या औषधाचा उपयोग केला. डायब्युकेन या विकराला चिकटून त्याचे काम अडवते. नेहमीच्या माणसाचा विकर ठरावीक डायब्युकेन घातल्यावर ८० टक्के अडतो. रुग्णांचा विकर मात्र जेमतेम २० टक्के अडला. जो औषधाला नीट धरू शकत नाही, तो डायब्युकेनलाही धरू शकत नाही, इतके साधे तर्कशास्त्र. या टक्केवारीला 'डायब्युकेन अंक' म्हणतात, आणि १९५७ पासून आजपर्यंत ती चाचणी वापरात आहे.

मग कालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या आईवडिलांचे, भावंडांचे रक्त तपासले. अंक आले ६० च्या आसपास. दहावी-बारावीला आनुवंशिकता शिकवणाऱ्या शिक्षकांनी येथे जरा थांबावे. मेंडेलच्या वाटाण्यात उंच आणि बुटके असे दोनच प्रकार डोळ्यांना दिसतात. संकरित उंच आणि शुद्ध उंच वेगळे ओळखू येत नाहीत. येथे मात्र तीनही जनुकप्रकार आकड्यांत वेगळे पडतात: दोन्ही प्रती नेहमीच्या असतील तर ८०, एकेक असेल तर ६०, दोन्ही बदललेल्या असतील तर २०. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ३००० मध्ये १ जण शेवटच्या गटात असतो. त्याचे वर्गमूळ काढून वाहक किती असतील ते विद्यार्थ्यांना काढायला सांगा; उत्तर साधारण २८ मध्ये १ येईल. वाहकाला त्रास जवळपास होत नाही.

१९५७ मध्येच अमेरिकेतील आर्नो मोतुल्स्की यांनी औषधांच्या अशा प्रतिक्रिया आणि आनुवंशिकता यांचा संबंध एका लेखात मांडला, १९५९ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश फोगेल यांनी या विषयाला नाव दिले, आणि १९६२ मध्ये कालो यांनी त्यावर पहिले पुस्तक लिहिले. मराठीत आपण 'औषध-आनुवंशिकी' म्हणू. त्याच सुमारास मद्रासच्या क्षयरोग केंद्रात असे दिसत होते की आयसोनियाझिड हे औषध निम्म्याहून अधिक रुग्णांचे यकृत सावकाश निकामी करते, तर उरलेल्यांचे झपाट्याने. मुंबईत १९६० च्या दशकात पारशी समाजातील जी-६-पी-डी या विकराची कमतरता नोंदली गेली. अशा माणसाला मलेरियावरचे प्राइमाक्विन दिले तर तांबड्या पेशी फुटू लागतात. म्हणजे कुठला ना कुठला वेगळा विकर बाळगणारी माणसे सगळ्याच समाजांत आहेत.

कालो यांच्या विकरात नेमके काय बिघडले होते, हे कळायला १९८९ उजाडावे लागले. ५७४ अमिनो आम्लांच्या साखळीत ७० व्या जागी अस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसिन आले होते. जनुकात एका अक्षराचा फरक. अस्पार्टिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, सक्सिनिलकोलीनवर धन. विकराच्या दारातले आकर्षणच गेले, तर पाहुणा आत येणार कसा?

आता मराठवाड्याकडे येऊ. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातील संशोधकांना तेथील वैश्य समाजात असे लोक सापडले, ज्यांच्या रक्तात हा विकर जवळजवळ काहीच काम करत नाही. २००६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील ओक्साना लॉक्रिज आदींसह कारण प्रसिद्ध केले: ३०७ व्या जागी ल्यूसिनऐवजी प्रोलिन. प्रोलिन साखळीला अवघड वळण देते, रेणूची घडी नीट बसत नाही आणि तो टिकत नाही. युरोपीय लोकांत विकर पूर्ण निकामी असलेला माणूस लाखात एखादा. येथे तपासलेल्यांत शंभरात चारच्या आसपास. विशेष म्हणजे ही माणसे एरवी ठणठणीत निघाली. स्कोलीन टोचले नाही तर आपल्यात काही वेगळे आहे याचा त्यांना जन्मभर पत्ताही लागू नये.

एकाच समाजात इतके का? हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी तंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइश यांच्या गटांनी २००९ आणि २०१७ मध्ये भारतीय समाजांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसले की आज लाखोंनी असलेला हा समाज दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या अगदी थोड्या पूर्वजांपासून वाढला आणि नंतर लग्ने आतल्या आतच होत राहिली. त्या मूठभरांत एखाद्याजवळ जे अक्षर बदललेले होते, त्याच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेल्या. अशी पार्श्वभूमी असलेले हे एकटे नव्हेत. २०१७ च्या अभ्यासात तपासलेल्या अडीचशेहून अधिक गटांपैकी ८१ गटांत असे ठळक चिन्ह आढळले. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या प्रथेने त्यात भर पडते, कारण दोन्ही बाजूंनी तीच प्रत येण्याची शक्यता वाढते.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेलुगू मुलखातून आलेली आर्य वैश्य घराणी, ज्यांना जुनी माणसे कोमटी म्हणतात, नांदेड, लातूर, परभणीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात आहेत आणि घरातही अनेकदा मराठीच बोलतात. मूळ बदल इतका जुना आहे की तो त्यांच्याबरोबर येथे आला असण्याची शक्यता भूलतज्ज्ञाने डोक्यात ठेवलेली बरी. मोठ्या रुग्णालयात श्वासयंत्र असते, काही तास निघून जातात. तालुक्याच्या गावी मध्यरात्री सिझेरियन करताना तसे झाले तर कुणाला तरी चार-पाच तास हाताने फुगा दाबत बसावे लागेल. आज रोक्युरोनियमसारखी दुसरी औषधे आहेत, जी या विकरावर अवलंबून नाहीत. मात्र ती वापरायची हे आधी ठरवावे लागते, आणि ठरवायला त्या मावशीची आठवण लागते.

या विकराची एक चाचणी आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत वेगळ्याच कारणासाठी होते. कापसावर फवारायची ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके मज्जातंतूजवळच्या विकराला बांधून टाकतात, तशीच रक्तरसातल्या या विकरालाही. म्हणून विषबाधा झालेल्या शेतकऱ्याच्या रक्तात त्याची पातळी मोजतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या वर माणसे दगावली, तेव्हा 'कोलिनएस्टरेज' हा शब्द वर्तमानपत्रांत आला होता. ज्याच्या रक्तात हा विकर जन्मतःच नाही, त्याचा अहवाल विषबाधा नसतानाही विषबाधेसारखा दिसेल. शिवाय रक्तात शिरलेल्या विषाचा थोडा वाटा हा विकर स्वतःवर घेतो. ती ढालही त्या माणसाजवळ नसते.

एखाद्या रुग्णाच्या बाबतीत हा दोष सापडला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता किमान चारात एक. त्यांचे रक्त तपासायचे, आणि ज्यांच्यात सापडेल त्यांनी औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी कायम पाकिटात ठेवायची.