ओढ, आदर आणि स्वस्थता : ‘ला प्रिन्सेस द क्लेव्ह’ची नायिका

आज जिच्याविषयी बोलायचं आहे ती बाई कधी जन्मलीच नाही. तिच्या भोवतीची जवळजवळ सगळी माणसं मात्र खरी आहेत. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री, त्याची राणी कॅथरिन द मेदिची, त्याची प्रेयसी दियान द प्वातिए, सून मेरी स्टुअर्ट, सगळी इतिहासातली. कथा १५५८ च्या अखेरीपासून १५५९ च्या पुढे थोडी, एवढ्या काळातली. लिहिली गेली मात्र त्यानंतर सुमारे एकशे वीस वर्षांनी. मार्च १६७८ मध्ये पॅरिसच्या क्लोद बार्बँ या प्रकाशकाने ती छापली, लेखकाचं नाव न घालता. आपल्याकडे गुंजीकरांचा ‘मोचनगड’ १८७१ चा, म्हणजे ऐतिहासिक कादंबरी हा प्रकार तिकडे किती आधी रुजला होता ते लक्षात येईल.

लेखिका मादाम द लाफायेत. जन्म १६३४, मृत्यू १६९३. पुस्तक आपलं नाही असं तिने पत्रात चक्क लिहून टाकलं होतं, आणि त्याच पत्रात पुस्तकाची स्तुतीही केली होती! खानदानी बाईने कादंबरी लिहिणं शोभत नसे. लग्न झालं ते वयाने बऱ्याच मोठ्या माणसाशी. दोन मुलगे झाल्यावर नवरा आपल्या दूरच्या जहागिरीवर आणि ही पॅरिसमध्ये, असा संसार. भांडण नव्हतं. ‘माक्सिम’वाला ला रोशफूको तिच्याकडे रोज येऊन बसत असे. माणसाच्या प्रत्येक सद्गुणामागे स्वार्थ शोधणारा हा गृहस्थ. त्यांच्या नात्याला नेमकं काय म्हणायचं यावर फ्रेंच लोक तीनशे वर्षं बोलताहेत, आपण त्यात पडू नये.

आता कथा, थोडक्यात. सोळाव्या वर्षातली एक श्रीमंत, देखणी मुलगी आईबरोबर दरबारात येते. वडील नाहीत. प्रिन्स द क्लेव्ह तिला एका इटालियन जवाहिऱ्याच्या दुकानात पाहतो आणि वेडा होतो. दरबारातल्या गटबाजीमुळे मोठी स्थळं हुकतात, तेव्हा आई त्याच्याशी लग्न लावून देते. मुलगीही तयार असते, कारण माणूस चांगला आहे. लग्नानंतर एका नृत्यसमारंभात राजा तिला ड्यूक द नेमूरबरोबर नाचायला सांगतो. तोपर्यंत या दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पण तुम्ही ओळखलंत तसं ते होत नाही, म्हणून तर हे व्याख्यान!

मला थांबायचं आहे ते लग्नाच्या आधीच्या एका प्रसंगापाशी. क्लेव्ह तिच्याकडे तक्रार करतो. तू माझ्याशी बरी वागतेस, तुझा माझ्यावर राग नाही; पण मला पाहून तुझ्या मनात काही हलत नाही. ती गोंधळून जाते. तिच्या मते आणखी काय द्यायचं असतं? ती खोटं बोलत नाहीये. तो कशाविषयी बोलतोय हे तिला खरोखरच कळत नाही. आदर आणि ओढ यांतला फरक तिला माहीतच नाही, कारण दुसरी गोष्ट तिने अजून अनुभवलेली नाही.

हा फरक त्या काळात घरोघरी नसला तरी दिवाणखान्या-दिवाणखान्यात चर्चेत होता. १६५४ मध्ये मादलेन द स्क्युदेरीच्या ‘क्लेली’ या कादंबरीत एक नकाशा छापला गेला, ‘तांद्र’ देशाचा नकाशा. ‘तांद्र’ला मराठीत मी ‘माया’ म्हणेन. प्रेम म्हटलं की आपण लगेच सिनेमाकडे जातो. या मायेच्या देशात त्याच नावाची तीन शहरं, तीन नद्यांच्या काठी : एक आदराची नदी, एक कृतज्ञतेची, एक ओढीची. आदराच्या वाटेने जायचं तर मध्ये गावं लागतात : प्रामाणिकपणा, औदार्य, चांगुलपणा वगैरे. एकेक मुक्काम करत जायचं. ओढीच्या नदीवर मात्र एकही गाव नाही! पाण्याला एवढा वेग, की थेट शहराशी नेऊन सोडतं. आणि नदी तिथे थांबत नाही, पुढे ‘धोक्याच्या समुद्रा’ला मिळते. गंमत म्हणून काढलेला नकाशा आहे हा, पण वर्गात शिकवायला मला अनेक जाड ग्रंथांपेक्षा तो अधिक उपयोगी पडला.

ग्रंथांपैकी एकाचं नाव मात्र घ्यायला हवं. देकार्तचं ‘आत्म्याचे भावावेग’, १६४९ चं. त्यात तो म्हणतो की आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्याची किंमत आपल्या लेखी स्वतःपेक्षा कमी असेल तर तो नुसता जिव्हाळा, बरोबरीची असेल तर मैत्री, स्वतःपेक्षा जास्त असेल तर भक्ती. म्हणजे प्रेमाची प्रत ठरते ती मोल करण्यावरून. हा हिशोब क्लेव्हच्या बायकोला लावून पाहा, बसत नाही. नवऱ्याचं मोल ती नेमूरपेक्षा जास्त करते, अगदी शेवटपर्यंत. तरी नाडी चुकते ती नेमूरला पाहून. मोल एकीकडे आणि ओढ दुसरीकडे. देकार्तच्या नंतर तीस वर्षांनी एका बाईने कादंबरीत त्याला दाखवलेली ही अडचण आहे, असं माझं मत. तिला तसं दाखवायचं होतं की नाही, हा प्रश्न वेगळा.

आईविषयी दोन शब्द. त्या काळातल्या बहुतेक आया मुलींपुढे प्रेमाचा विषयच काढत नसत. ही आई काढते. प्रेमात गोड काय असतं तेही सांगते, आणि मग पुरुषांचा खोटेपणा, फसवणूक, त्यातून घरादाराला लागणारी कीड, तेही सांगते. सुख एकच : नवऱ्यावर प्रेम करावं आणि त्याचं प्रेम मिळावं. शिकवण वाईट नाही. फक्त जिच्या मनात नवऱ्याविषयी ओढ नाही तिने काय करायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. आणि ते विचारायची वेळ आली तेव्हा आई मरणाच्या दारात होती.

मग ती जे करते त्यावरून फ्रान्सभर वाद पेटला. कुलोमिए इथल्या बागेत ती नवऱ्याला सांगून टाकते की माझं मन दुसऱ्याकडे ओढलं जातंय, मला दरबारापासून दूर राहू द्या. नाव सांगत नाही. नेमूर लपून सगळं ऐकतो आणि एका मित्राजवळ, नावं न घेता, बोलून बसतो. गोष्ट दरबारभर फिरते. नवऱ्याला वाटतं हिने सांगितलं, हिला वाटतं त्याने. १६७८ मध्येच ‘मर्क्यूर गालां’ या नियतकालिकाने वाचकांना विचारलं : अशा बायकोने नवऱ्याला सांगावं की गप्प राहावं? पत्रं आली, छापली गेली, आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं, गप्प राहावं. तुम्हाला काय वाटतं ते मी विचारत नाही, शेजारी कोण बसलंय त्यावर उत्तर अवलंबून. (हशा)

नवरा त्या दुःखाने खंगून मरतो. त्याने मागावर पाठवलेला माणूस अर्धवट बातमी आणतो हे त्याचं निमित्त. त्याच रात्रीचं एक दृश्य : ती एकटी बसून एका वेताच्या काठीला नेमूरच्या रंगाच्या फिती बांधते आहे. काठी पूर्वी त्याचीच, आणि लेखिका मुद्दाम सांगते की ती हिंदुस्थानी वेताची होती. आपला या कथेशी संबंध एवढाच! पण ओढ म्हणजे काय हे त्या एका दृश्यात जेवढं दिसतं तेवढं पानभर संवादात दिसलं नसतं.

आता खरा मुद्दा. ती विधवा होते. इथे आपल्या डोळ्यांसमोर एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातली विधवा येते, तिला क्षणभर बाजूला ठेवा. तेव्हाच्या फ्रान्समध्ये कुमारिका बापाच्या किंवा पालकाच्या ताब्यात, लग्न झालेली नवऱ्याच्या. पैसा असलेली विधवा ही जवळजवळ एकच बाई, जी कायद्याने स्वतःची स्वतः असे. हिच्यापाशी संपत्ती आहे, आई-वडील नाहीत, मूल नाही. नेमूर लग्नाला तयार आहे. आणि ती त्याला समोर बसवून सांगते की माझं तुमच्यावर प्रेम आहे, आणि मी तुमच्याशी लग्न करणार नाही.

कारणं ती दोन देते. पहिलं कर्तव्याचं : नवऱ्याच्या मृत्यूला तुम्ही निमित्त झालात. हे कारण सगळ्यांना कळतं. दुसरं तिच्या स्वतःच्या विचारातून आलेलं आहे. तुमचं प्रेम टिकणार नाही, असं ती म्हणते. ते आजवर टिकलं कारण वाटेत अडथळे होते. लग्नानंतरही प्रेम टिकवू शकला असा पुरुष बहुधा माझा नवराच, आणि तोही कदाचित याच कारणाने, की त्याला माझ्याकडून ते परत मिळालं नाही. तुम्ही उद्या दुसरीकडे वळाल, मी मत्सरात जळेन, आणि नवरा म्हटल्यावर तक्रारही करता येणार नाही. ही विशीच्या आतली मुलगी बोलते आहे!

ऐकणारा नेमूर म्हणतो, हे तुमचे भास आहेत. आणि पुष्कळ समीक्षकही तसंच म्हणत आले. वाचकांपाशी मात्र एक माहिती होती. हा नेमूर, जाक द साव्हुआ, खरा माणूस. त्याच्यापासून फ्रांस्वाज द रोआँ हिला मूल झालं. त्याने लग्नाचं वचन दिलं होतं, असा तिचा दावा. खटला कित्येक वर्षं चालला, १५६६ मध्ये ती हरली आणि त्याच वर्षी त्याने ड्यूक द गीझच्या विधवेशी लग्न केलं. ब्रांतोमची दरबारी आठवणींची पुस्तकं १६६५-६६ मध्ये छापून आली होती, त्यामुळे १६७८ च्या वाचकाला हा रंगेल सरदार कोण हे ठाऊक होतं. तिचे भास फारसे भास नव्हते.

यात तिला हवं काय होतं? मूळ फ्रेंचमध्ये ‘रपो’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. इंग्रजीतून वाचणारे त्याला विश्रांती किंवा शांती समजतात. मी ‘स्वस्थता’ म्हणतो. ‘स्वस्थ बस’ म्हणून आपण त्या शब्दाची फार नासाडी केली आहे. मुळात स्व-स्थ, आपल्या ठिकाणी असलेला. ओढ माणसाला त्याच्या ठिकाणाहून हलवते. तिच्या दृष्टीने सुख म्हणजे प्रेम मिळणं नव्हे, आपल्या ठिकाणी राहता येणं. पास्कालचे ‘पाँसे’ आठच वर्षांपूर्वी, १६७० मध्ये, छापले गेले होते. माणूस एका खोलीत गप्प बसू शकत नाही ही त्याची तक्रार त्या मंडळींच्या कानांत ताजी होती.

मी तरुणपणी शिकवायचो तेव्हा हिला सरळ भित्री म्हणायचो. जे हातात आलं ते मोडण्याच्या भीतीने न घेणं, यात कसलं शहाणपण? एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सर, नेमूरने नकार दिला असता तर तुम्ही त्याला भित्रा म्हटलं असतं की संन्यासी? तासाची घंटा झाली म्हणून मी सुटलो. पुढे मी ‘भित्री’ हा शब्द वापरणं सोडून दिलं. पण माझी शंका गेली नाही. अनुभव घेण्याआधीच त्याचा निकाल लावणं तर्काला धरून आहे का? तिच्यापाशी पुरावा होता तो दुसऱ्या बायकांच्या अनुभवाचा. दुसऱ्यांच्या अनुभवावरून आपलं आयुष्य ठरवणं योग्य की नाही, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. ती मात्र स्वतःला फसवत नव्हती, एवढं नक्की. प्रेम नाही असं ती एकदाही म्हणत नाही.

मध्यंतरी, २००६ मध्ये, निकोला सार्कोझींनी सरकारी नोकरीच्या परीक्षेत या पुस्तकावर प्रश्न विचारतात याची जाहीर टर उडवली. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि २००९ मध्ये निषेध म्हणून लोकांनी पॅरिसमध्ये रस्त्यावर उभं राहून हे पुस्तक मोठ्याने वाचलं.

कादंबरीचा शेवट असा. ती पिरेनीजकडच्या आपल्या जहागिरीवर जाते, फार आजारी पडते, बरी होते. मग वर्षातले काही महिने मठात आणि उरलेले घरी, असं थोडकंच आयुष्य जगते. नेमूर येतो, ती भेटत नाही. काही वर्षांनी त्याचं प्रेम विझतं. म्हणजे ती म्हणाली होती तसंच झालं. फक्त ते विझलं ते लग्नाने नव्हे, विरहाने. लग्न झालं असतं तर काय झालं असतं, हे लेखिकेने कुणालाच कळू दिलेलं नाही.

पुढच्या वेळी देकार्त आणि बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ यांचा पत्रव्यवहार घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा, मला जरा मोठ्याने विचारा.