जबड्यांतील मुकी गांठ

सुश्रुतसंहितेंत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. तथापि जबड्याच्या हाडांत वर्षानुवर्षें न दुखतां वाढणारें एक अर्बुद नेमकें ओळखण्यास वैद्यकाला एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. त्याचें आजचें नांव अमेलोब्लास्टोमा.

१८२७ सालीं डब्लिनचे शस्त्रवैद्य क्युसॅक यांनीं त्याचें वर्णन केलें. दांतावरील चकाकतें कवच घडविणाऱ्या पेशींच्या कुळांतून तें उद्भवतें, म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनीं १८८५ सालीं त्यास कवचावरून नांव दिलें. परंतु ही गांठ प्रत्यक्षांत कवच मुळींच घडवीत नाहीं. सबब १९३० सालीं आयव्ही व चर्चिल यांनीं पेशींवरून प्रचलित नांव सुचविलें.

ह्या रोगाचें कपट त्याच्या शांततेंत आहे. दांत किंचित हालतो, गाल एका बाजूस फुगतो. पण वेदना नाहीं, म्हणून रोगी स्वस्थ बसतो. आंत हाड मात्र अंड्याच्या टरफलासारखें पातळ होत जातें. बहुतेक वेळां खालचाच जबडा ग्रासला जातो. दूरच्या अवयवांत हा रोग क्वचितच पसरतो. जागच्या जागीं मात्र तो चिवट असतो.

सातारा-सांगलीकडील रोग्यांस शस्त्रक्रियेचें मोठें ठिकाण लाभलें तें मिरजेस. कॅनडाहून आलेले डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं तेथें १८९४ सालीं मिशनचें रुग्णालय उघडलें. पुढें १९६२ सालीं मिरजेस, तर १९८४ सालीं कऱ्हाडास वैद्यकीय महाविद्यालय निघालें. जबडा कापण्यासारखें दारुण काम बेशुद्धीच्या औषधाविना होणें कठीण. आणि हाडांतील पोकळी दिसण्यास राँटगेन यांच्या १८९५ सालच्या क्ष-किरणांची गरज होती.

तरीही एक मोह उरलाच. गांठ खरवडून काढली कीं चेहरा वांचतो. पण तिचे सूक्ष्म अंकुर निरोगी दिसणाऱ्या हाडांत शिरलेले असतात आणि कित्येक वर्षांनीं ती पुन्हां उगवते. म्हणून मोठ्या गांठीभोंवतीं सुमारें १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. हें मोल पूर्वी रोग्यास विद्रूपतेनें द्यावें लागे. १९८९ सालीं हिडाल्गो यांनीं पायाचें बारीक हाड रक्तवाहिन्यांसह जबड्यास जोडल्याचें प्रसिद्ध केलें, आणि चेहरा व चर्वण दोन्ही परत मिळण्याचा मार्ग खुला झाला. २०१४ सालीं अनेक गांठींत ब्राफ जनुकाचा बिघाड आढळल्यानें औषधोपचाराचीही आशा उत्पन्न झाली.

शास्त्र इतकें पुढें गेलें. पण पहिलें पाऊल रोग्याचेंच आहे. दुखत नाहीं एवढ्यावरून सूज निरुपद्रवी ठरत नाहीं.