उमेदवार, अर्ज आणि पगारपत्रक

मराठीत ‘उमेदवार’ या शब्दास दोन अर्थ आहेत. नोकरीसाठी अर्ज करणारा किंवा निवडणुकीस उभा राहणारा, हा एक. आणि एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकणारा, हा दुसरा. अमक्याने वकिलाकडे किंवा छापखान्यात उमेदवारी केली, असे म्हणताना हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. दोहोंच्या मुळाशी ‘उमेद’ हा फारसी शब्द आहे. मात्र हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदू लागले, याचे कारण व्युत्पत्तीत नसून कचेरीच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकातील सरकारी कचेरीत नोकरीची आशा धरून बसलेला मनुष्य आणि काम शिकणारा मनुष्य हे बहुधा एकच असत, आणि जोवर जागा रिकामी होत नसे तोवर त्याला वेतन मिळत नसे. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या आंग्ल-भारतीय शब्दकोशात हा शब्द नोकरीची अपेक्षा करणारा व अनुकूल उत्तराची वाट पाहणारा या अर्थाने नोंदलेला आहे. वाट पाहणे हे या शब्दाचे मर्म होय. कचेरीच्या पायरीवरून पगारपत्रकाच्या मेजापर्यंत पोचण्यास किती वाट पाहावी लागे आणि ती पाहणे कोणाला परवडे, या अंगाने कनिष्ठ कारकुनीच्या इतिहासाचा विचार फारसा झालेला नाही. राज्यकारभाराच्या इतिहासात मुत्सद्दी व सेनापती येतात. त्यांच्या फौजेची हजिरी मांडून मुशाहिऱ्याचा हिशेब करणारा कारकून क्वचितच येतो.

वस्तुतः हे काम फार जुने आहे. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखाननीस असे अधिकारी असत. त्यांपैकी सबनिसाकडे गडावरील माणसांच्या नोंदीचे व हिशेबाचे दप्तर असे. फौजेची गणती करणे, कोणाची तैनात किती ते तैनातजाबत्यावरून पाहणे, रोजमुरा वाटणे ही कामे जेथे फौज तेथे असणारच. सबनीस, पागनीस, पोतनीस, जमेनीस ही आडनावे आजही त्या कामांची साक्ष देतात. कामाचे नाव आडनाव होऊन बसावे, यातच त्या काळच्या भरतीची पद्धत स्पष्ट होते. पद घराण्यात चाले. जेथे ते वतनी नसे तेथेही मुलगा, पुतण्या किंवा भाचा वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून मोडीचे वळण व जमाखर्चाची रीत शिके आणि पुढे त्याच फडात सामावला जाई. पुण्याच्या हुजूर दप्तरात पेशवाईच्या भरभराटीच्या काळी दोनशेहून अधिक कारकून असत, असे त्या दप्तराचे वर्णन करणाऱ्यांनी नमूद केले आहे. एवढ्या मोठ्या दप्तरास माणसे पुरविणारी कोणतीही परीक्षा अस्तित्वात नव्हती. परीक्षा होती ती रोजच्या कामाची. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत या दप्तराची शिस्त बिघडली, हेही सर्वश्रुत आहे.

१८१८ नंतर इंग्रजांनी दख्खनचा मुलूख ताब्यात घेतला तेव्हा एल्फिन्स्टनने शक्य तेथे जुनी घडी कायम ठेवली. मामलेदार राहिले, त्यांचे कारकून राहिले, मोडी लिपी राहिली. बदलला तो वेतनाचा पाया. वतन, हक्क व रसूम यांच्या जागी हळूहळू दरमहा रोख पगार आला, आणि त्याबरोबर पगारपत्रक आले. हजेरीपटावरून गैरहजेरी काढायची, रजा व दंड वजा करायचा, प्रत्येकाच्या नावापुढे देय रक्कम मांडायची, साहेबाची सही घ्यायची, खजिन्यातून रक्कम आणायची, आणि वाटप करून ज्याच्या त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने पावती घ्यायची, असा हा क्रम थोड्याफार फरकाने शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. १८९९ च्या मुद्रांक कायद्याने वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचे तिकीट आवश्यक ठरले. तेव्हा तिकिटावर सही करणारे आणि तिकिटाविना अंगठा उठविणारे, अशी कचेरीतील माणसांची एक वेगळी वर्गवारी पगारपत्रकावरच दिसू लागली असली पाहिजे.

बाहेरून सोपे वाटणारे हे काम किती किचकट होते, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. दरमहा नऊ रुपयांचा शिपाई तीस दिवसांच्या महिन्यात अकराच दिवस हजर असेल, तर त्याचा रोज चार आणे नऊ पै व वर सहा दशांश पै पडतो. अकरा दिवसांचे तीन रुपये चार आणे नऊ पै होतात आणि पुन्हा सहा दशांश पै उरते. ही उरलेली पै सोडायची की धरायची, याचा नियम पाठ असावा लागे. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै; पावकी, निमकी, दिडकी जिभेवर नसेल त्याच्या हातून चाळीस माणसांचे पत्रक बिनचूक उतरणे अशक्यच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू होईपर्यंत ही कसोटी टिकली. शाळेतील अंकगणिताने ती अर्धीच भागे. उरलेली अर्धी कचेरीतच शिकावी लागे, आणि म्हणूनच उमेदवारी ही कचेरीच्या दृष्टीने निरुपयोगी प्रथा नव्हती. उमेदवार नकला करी, बेरजा तपासी, रुमाल बांधी, वरिष्ठ आजारी पडला तर त्याचे पत्रक पुरे करी. सरकारला फुकट हात मिळत आणि उमेदवाराला काम येऊ लागे.

परंतु या सोयीची किंमत कोण देत होते? वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ बिनपगारी बसण्यासाठी पाठीमागे घर लागते. तालुक्याच्या गावी उतरावयास नातलग लागतो, दोन वेळचे जेवण लागते आणि जागा रिकामी होताच साहेबाच्या कानी नाव घालणारा कोणी लागतो. अरबीतून आलेल्या ‘वशिला’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘साधन’ असा आहे. मराठीत त्याला जो कडवट अर्थ आला तो कचेरीच्या ओसरीवरच आला असावा. ज्या कुटुंबात आधीपासून एक कारकून होता, त्याच कुटुंबाला दुसऱ्या कारकुनाची उमेदवारी पोसता येई. कुणब्याचा किंवा महाराचा मुलगा अक्षर-हिशेबात कितीही तरबेज झाला, तरी ओसरीवर बसून राहण्याची ही दोन वर्षे त्याच्याजवळ नसत. जातिबंधनाने जे दार उघडपणे लावले होते, तेच दार उमेदवारीच्या खर्चाने आतून पुन्हा एकदा लावले जाई. हे दुसरे दार दिसत नसे, म्हणून त्याविरुद्ध तक्रारही क्वचित होई.

हा प्रकार केवळ हिंदुस्थानापुरता होता असे समजण्याचे कारण नाही. कादंबरीकार अँथनी ट्रोलोप १८३४ साली लंडनच्या टपाल कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून लागला. त्या प्रवेशाची हकीकत त्याच्या १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. वृत्तपत्रातील काही ओळी उतरवून काढताना त्याने कागदावर डाग पाडले. अंकगणिताबद्दल विचारल्यावर फारसे समाधानकारक उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी घरून नीटनेटकी नक्कल करून नेली, ती कोणी पाहिलीही नाही, आणि नोकरी मिळाली. वशिला होता, तो पुरला. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्थकोट व ट्रेव्हेलियन यांच्या अहवालाने या व्यवस्थेवर प्रहार केला. त्यांतील ट्रेव्हेलियन तरुणपणी हिंदुस्थानात नोकरी करून गेलेला होता. १८५५ साली इंग्लंडात परीक्षा घेणारे आयोग स्थापन झाले, आणि १८७० च्या हुकुमाने बहुतेक खात्यांत खुली स्पर्धा आली. त्याच अहवालाने कचेरीतील कामाची बौद्धिक व यांत्रिक अशी विभागणीही केली. पगारपत्रकाचा कारकून अर्थातच दुसऱ्या रांगेत गेला.

हिंदुस्थानात या सुधारणेचे चित्र उलटे झाले. सनदी नोकरीची खुली परीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये होऊ लागली. म्हणजे जिल्ह्याचा साहेब परीक्षा देऊन येई, आणि त्याच्याच कचेरीतील दहा-पंधरा रुपयांचा कारकून मात्र शिफारशीने येई. खालच्या नोकऱ्यांसाठीही पुढे परीक्षा आल्या. मराठी सातवी इयत्तेनंतरची व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होणे हे तलाठी व कारकून होऊ पाहणाऱ्यांचे पहिले ध्येय ठरले. तथापि परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी मिळणे नव्हे. तिने फक्त ओसरीवर बसण्याचा हक्क मिळे.

याच काळात कारकुनी हा मराठी विचारवंतांच्या टीकेचा विषय झाला. लोकहितवादींच्या १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात आलेल्या शतपत्रांतून भिक्षुकी व कारकुनी यांपलीकडे न पाहणाऱ्या ब्राह्मणवर्गाचा समाचार घेतलेला आढळतो. महात्मा फुले यांचा रोख अधिक खोलवर होता. कचेऱ्यांतील एकजातीय वर्चस्वामुळे शेतकरी कसा नागवला जातो, हे त्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) व ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथांत मांडले. त्यांच्या लिखाणात ‘कामगार’ हा शब्द सरकारी अंमलदार व कारकून या अर्थाने येतो, हे आजच्या वाचकाने ध्यानात ठेवावयास हवे. नाही तर अर्थाचा विपर्यास होतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारी शिक्षण कारकून व पंतोजी घडविण्यापुरतेच उपयोगी पडते, असा आक्षेप त्यांनी घेतला. लोकहितवादींना कारकुनीचा मोह अनिष्ट वाटत होता. फुले यांना तिच्यावरील मक्तेदारी. या दोन आक्षेपांची गल्लत करून दोघांनाही ‘नोकरीविरोधी’ ठरविण्याची जी सवय आहे, ती टिकण्याजोगी नाही. ज्यांना कारकुनी सहज मिळे त्यांना तिच्याबद्दल तुच्छता दाखविणे शक्य होते. ज्यांना ती मिळतच नव्हती त्यांच्या दृष्टीने ती राज्यकारभारातील वाट्याचा प्रश्न होती.

हा फरक शाहू छत्रपतींनी अचूक ओळखला. १८९४ साली ते गादीवर आले तेव्हा कोल्हापूरच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदे ब्राह्मणांकडे होती, आणि कारकुनांच्या सुमारे ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे दहा होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. महाराज विलायतेत असताना २६ जुलै १९०२ रोजी प्रसिद्ध झालेल्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस देण्याचे ठरले. या हुकुमाचे तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. त्यातील कारभारी कलमाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचे त्रैमासिक पत्रक सादर करावे, असे त्यात फर्माविले होते. म्हणजे मक्तेदारी मोडण्याचे हत्यार पुन्हा एक पत्रकच होते, आणि ते बहुधा त्याच मेजावर तयार होणार होते जेथे जुनी मंडळी बसली होती. नुसत्या हुकुमाने काम भागणार नाही, हेही महाराजांनी जाणले होते. १९०१ पासून कोल्हापुरात निघालेली विद्यार्थी वसतिगृहे ही या धोरणाची दुसरी बाजू होय. वाट पाहण्याचा, निदान शिकण्याच्या काळातील, खर्च संस्थानाने व समाजाने उचलला. १९१२ पर्यंत वरील प्रशासकीय पदांची संख्या ९५ झाली होती आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते. जागा वाढल्या होत्या, ही गोष्ट हिशेबात धरूनही बदल मोठाच म्हणावा लागेल.

मुंबई इलाख्यात लोकसेवा आयोग १९३७ साली आला, केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी राखीव प्रमाण १९४३ साली ठरले, आणि १९५० च्या संविधानाच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीतील समान संधी हा हक्क झाला. या टप्प्यांवर विपुल लिहिले गेले आहे. कनिष्ठ कारकुनाच्या दृष्टीने १९५९ चा सेवायोजन कार्यालयांसंबंधीचा कायदा अधिक जवळचा. त्याने रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले. तेव्हापासून साहेबाच्या ओसरीवर बसण्याऐवजी सेवायोजन कार्यालयाच्या नोंदवहीत नाव घालून बसणे सुरू झाले. नोंदणीपत्राचे नूतनीकरण करीत वर्षे काढणारी एक पिढीच महाराष्ट्राने पाहिली आहे. केवळ या कार्यालयाने पाठविलेल्या नावांतून निवड न करता जाहिरातही द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. दुसरीकडे तात्पुरत्या नेमणुकीवर येऊन कालांतराने कायम होण्याची जी वाट होती, ती म्हणजे उमेदवारीचाच अल्पवेतनी अवतार होता. उमादेवी प्रकरणातील २००६ च्या निर्णयाने तीही अरुंद केली. मागील दाराने येणाऱ्यांचा हक्क पुढील दाराशी ताटकळणाऱ्यांच्या हक्कावर गदा आणतो, हा त्या निर्णयातील युक्तिवाद न्याय्य आहे. परंतु मागील दार उघडे ठेवून तेथून दहा-दहा वर्षे काम करवून घेणारी सरकारी खाती त्यातून जवळजवळ निर्दोष सुटली, हेही नमूद केले पाहिजे.

अलीकडे लिपिक-टंकलेखकाची पदे राज्यभरासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जाऊ लागली. २०२३ च्या संयुक्त परीक्षेच्या जाहिरातीत एकूण ८,१६९ पदे होती आणि त्यांतील बहुसंख्य याच पदाची होती. मोडी वळणाची जागा मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांच्या टंकलेखन प्रमाणपत्राने घेतली आहे. आस्थापना शाखेत रुजू होणाऱ्यास पै-आण्यांचा हिशेब करावा लागत नाही. वेतन देयक ‘सेवार्थ’ प्रणालीत तयार होते, आणि सेवापुस्तकातील नोंदी व रजेचा हिशेब तेवढा त्याच्या दक्षतेवर राहतो. अर्ज मात्र आता ओसरीवर न जाता संगणकावर भरला जातो आणि त्यात वडिलांच्या चाकरीचा उल्लेख करण्यास रकाना नाही. ही प्रगती लहान नव्हे. ओसरीची जागा पुण्यातील अभ्यासिकांनी आणि भाड्याच्या खोल्यांनी घेतली आहे, व तेथील वर्षांचा खर्च पूर्वीप्रमाणेच घरून येतो.

२०२४ साली राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्याखाली तरुणांना आस्थापनांत व सरकारी कार्यालयांत सहा महिने काम शिकण्यासाठी शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ किंवा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. कचेरीत बसून काम शिकण्याच्या काळाचा मोबदला सरकारने एवढ्या विस्तृत प्रमाणावर मान्य केल्याचे याआधीचे उदाहरण सहसा आढळत नाही. मुदत संपल्यावर या प्रशिक्षणार्थींनी कायम नोकरीची मागणी केली. योजनेच्या अटींत तशी हमी नव्हती.