आजी, आजोबा आणि खाडीचा बांध

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आपापल्या घराण्याचा इतिहास सभासद भगिनींनी लिहावा, अशी कल्पना निघाली आणि माझ्या वाट्यालाही चार पाने आली. इतिहास म्हटला की सनदा, वाडे, तलवारी डोळ्यांपुढे येतात. आमच्या घरी यांतले काहीच नव्हते. होती ती एक कुदळ, दोन पाट्या, एक इरले आणि खाडीचे पाणी अडविणारा मातीचा बांध. परंतु कुलाबा जिल्ह्यातील हजारो घरांचा इतिहास या बांधानेच घडविला आहे. तो सरकारी दप्तरात जेवढा आहे त्याहून कितीतरी अधिक आपल्या आज्यांच्या आठवणीत होता. म्हणून आमच्या आजीआजोबांची हकीकत येथे सांगते.

आमचे गाव जिते, तालुका पेण. आज मुंबई-गोवा रस्त्याने जाताना ते सहज लागते. पनवेल-रोहे लोहमार्गावर जिते नावाचे स्टेशनही आहे. पण आपट्याहून रोह्यापर्यंत गाडी धावू लागली ती १९८६ साली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५५ ते १९६५ च्या सुमारास, मुंबईचा पाहुणा पनवेलवरून मोटारीने येई, नाहीतर बोटीने धरमतरला उतरून पुढची वाट धरी. जिल्ह्याचे नावही तेव्हा कुलाबा होते; रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून मिळाले. उगवतीला डोंगर आणि मावळतीला दूरवर खाडीची खाजणे, अशा पट्ट्यातले आमचे गाव. आजीचे माहेर खाडीकाठचे. आजोबांनी खंडाने घेतलेली खारजमीनही त्याच बाजूला, गावापासून तासाभराच्या वाटेवर होती.

ज्या भगिनी घाटावरून येथे आल्या आहेत त्यांच्यासाठी खारजमीन म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. भरतीचे पाणी जेथवर पसरते तेथे माणसाने मातीचा बांध घालायचा, आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी ठेवायची, आणि पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन निघू द्यायचे. ओहोटीला उघाडीचे दार उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते मिटते. अशी काही वर्षे गेली की तेथे भात पिकू लागते. हे सारे खरे, पण बांध आहे तोवरच. उधाणाने बांधाला खांड पडली आणि खारे पाणी शेतात शिरले, की पुढची दोन-तीन वर्षे पीक धड हाती येत नाही. मुंबई राज्याने १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला, पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा नवा कायदा झाला, आणि मोठमोठ्या बांधांची जबाबदारी सरकारने उचलली. त्यापूर्वी तो भार बहुतांशी कसणाऱ्यांच्याच डोक्यावर असे. डोक्यावर हा शब्द मी अलंकाराने वापरीत नाही. माती खरोखर डोक्यावरूनच वाहिली जात असे.

आजीला आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. "मानमोडीच्या दुसऱ्या वर्षी माझे लगीन झाले, तेव्हा मी अकरा वर्षांची होते," एवढे ती सांगे. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. त्यावरून तिचे लग्न १९१९ चे आणि जन्म १९०८ च्या आसपासचा, असा हिशोब मी मोठेपणी मांडला. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा पुढे १९२९ साली झाला. तोवर आजीला दोन लेकरे झाली होती. मानमोडीत तिची आई आणि थोरला भाऊ एकाच आठवड्यात गेले. लग्न इतक्या घाईने का उरकले, हे आम्ही विचारीत नसू. पण चुलीवरची भाकरी उलथताना ती मध्येच गप्प होई, तेव्हा आम्हा पोरांना ते समजे.

आजोबा उंच, काटक आणि अबोल. त्यांचे प्रेम बोलण्यात नसे, कृतीत असे. पेणच्या बाजाराहून येताना त्यांच्या उपरण्याच्या गाठीत आम्हा सात नातवंडांसाठी मोजून सात लिमलेटच्या गोळ्या असत. पावसाळ्यात शाळेला जाताना ओढ्याला पाणी चढले की ते आम्हांला एकेक करून खांद्यावरून पलीकडे नेत आणि संध्याकाळी न सांगता तेथेच उभे असत. भाद्रपदात पेणहून गणपती आणायचा तो त्यांच्याच डोक्यावरून. अनवाणी चालायचे, वाटेत कोणाशी बोलायचे नाही, हा त्यांचा नेम. आज शेजारच्या हमरापूर-जोहे भागात घरोघर मूर्तींचे कारखाने आहेत आणि आपल्यातल्या कितीतरी जणी तेथे रंगकाम करतात. आजोबांनी ते पाहिले असते तर गणपती घरच्या वाटेवर आला म्हणून त्यांना संतोष झाला असता.

आजी शाळेत गेलीच नव्हती. तरी पाऊणकीचा पाढा तिला मुखोद्गत होता. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठचा जुना ठोकताळा तिला वडिलांनी शिकविला होता. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घरात घड्याळ नसताना ती चंद्राकडे पाहून वेळ सांगे आणि आजोबा त्याप्रमाणे उघाडीवर जात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. त्यात पावसाळी पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. ती म्हणे, "बांद आन् बाल, दोगांना रातचा बगाला लागतंय." बांध आणि बाळ, दोघांनाही रात्री पाहावे लागते. हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले आहे.

खांड पडली की घरटी माणूस निघे. एक भरती उतरून दुसरी चढेपर्यंत काय ते सहा तास मिळत. पुरुष चिखलाचे गोळे कापीत, मेढी ठोकीत, पेंढा दाबीत. बायका डोक्यावर पाट्या घेऊन रांगेने माती पोचवीत. गुडघाभर चिखलात, कंदिलाच्या उजेडात, पाठीवर पाऊस. माझे वडील तान्हे असताना आजीने त्यांना बांधावरच इरल्याखाली निजवून रात्रभर माती वाहिली होती. ही गोष्ट ती हसत सांगे. ऐकताना आम्हीही हसत असू. आता आठवली की हसू येत नाही.

एवढे करून पिकलेल्या भातातला मोठा वाटा खंड म्हणून जमीनदाराच्या खळ्यावर जाई. हा प्रकार एकट्या आमच्या घरचा नव्हता. याच दुःखातून अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षे त्यांनी जमिनी पडीक ठेवल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा या लढ्याला पाठिंबा होता. आजोबा तिकडच्या बातम्या बाजारातून आणीत आणि ओटीवर हलक्या आवाजात सांगत. १९३९ साली मुंबई इलाख्यात पहिला कूळकायदा झाला, १९४८ चा कायदा त्याहून भक्कम होता, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली.

मालकी मात्र फुकट मिळाली नाही. ठरलेली किंमत हप्त्यांनी भरायची होती. ते हप्ते कसे भरले गेले, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. आजीने कोंबड्या वाढविल्या, वालाच्या शेंगा आणि पोह्याचे पापड टोपलीत घालून पेणच्या बाजारात नेले, आणि एका वर्षी कानातल्या दोन बुगड्या मोडल्या. शेवटचा हप्ता भरून आजोबा घरी आले त्या दिवशी त्यांनी पावती देवापुढे ठेवली नाही. आजीच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हते. तिने ती कपाळाला लावली आणि फडताळातल्या डब्यात जपून ठेवली.

सातबाऱ्यावर नाव लागले ते एकट्या आजोबांचे. १९६९ साली ते वारले, तेव्हा वारसांची नोंद झाली आणि मुलांची नावे चढली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला आणि मुलींनाही वाटा दिला होता. पण गावरीत अशी होती की बहिणींनी हक्क सोडावा आणि आईने अंगठा उठवावा. सर्वत्र असेच चाले, म्हणून कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. १९७४ साली आजी गेली. पन्नासाहून अधिक वर्षे तिने जो बांध राखला, त्याच्या एकाही कागदावर तिचे नाव नाही. आमच्या घरी एक वंशावळ आहे. तीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, आणि एकही स्त्री नाही.

आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे जन्मले. त्यांच्या आजोबांना, शंभुरावांना, आपण ओळखतो. ते घरीच चंदन उगाळून गणपती घडवीत, पोरांना हाताशी घेत, आणि पूजा झाली की तो पाण्यात सोडून देत, हे आपल्याला ठाऊक आहे. कारण नातवाने ते प्रेमाने सांगितले आणि लोकांनी टिपून घेतले. विनोबांसारखा नातू प्रत्येक आजोबांना कोठून मिळणार? पण सांगण्याचे काम तर आपणा सर्वांना करता येईल.

हे केवळ मायेपोटी म्हणत नाही. आपल्या भागात प्रचंड विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याची योजना आली होती, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. जमिनीबद्दल विचारले गेले ते खातेदारांना. ज्या बायांनी त्या जमिनी आयुष्यभर लावल्या-कापल्या, पण ज्यांचे नाव खात्यावर नव्हते, त्यांच्या मताची चिठ्ठी कोठे पडणार? कागदावरचे नाव ही नुसती शोभा नव्हे, हे त्या दिवसाने शिकविले.

काळ मात्र पालटला आहे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली सबंध देशाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव येते. माझ्या पणतीच्या दाखल्यावर तिच्या आईचे नाव मी चष्मा पुसून दोनदा वाचले.

भगिनींनो, आपणा सर्वांच्या घरी एखादी आजी, आत्या, मावशी अजून सांगण्याजोगी आहे. तिला साल विचारू नका. मानमोडीबद्दल आईने काय सांगितले, कृषकदिनाला घरात काय झाले, १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या रात्री कोण कोठे होते, १९८९ च्या जांभूळपाड्याच्या पुरात काय गेले, असे विचारा. सालाचा हिशोब मागाहून आपल्याला करता येतो. तिचे माहेरचे नाव लिहा, सासरचे लिहा, तिने काय कामे केली ते लिहा. आणि सातबारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत तेही एकदा पाहा.

आमच्या वंशावळीत या वर्षी मी सातही पिढ्यांच्या बायकांसाठी जागा आखल्या आहेत. तीन जागा भरल्या. वरच्या चार रिकाम्या आहेत, आणि त्या तशाच ठेवल्या आहेत, म्हणजे तेथे कोणीतरी होते एवढे तरी पुढच्यांना दिसेल.