बाणाची काठी

अग्निबाणाच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद जगात पुष्कळांना आहे. त्यासाठी तयार भागांचे संच मिळतात. ते जुळवून रंगविले की माणसाला चंद्राकडे नेणारा सॅटर्न-५ टेबलावर उभा राहतो. मूळ अग्निबाण ११०.६ मीटर उंच. १:१४४ या प्रमाणात तो सुमारे ७७ सेंटिमीटर भरतो. पण खरा छांदिष्ट एवढ्यावर थांबत नाही. संचात न दिलेल्या नळ्या, तारा आणि सांधे तो स्वतः घडवून बसवितो. जुनी छायाचित्रे भिंगाखाली धरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जागा ठरवितो. पाहणाऱ्याला हा निरर्थक खटाटोप वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाच अभ्यास होय. कारण यंत्राचा इतिहास पुष्कळदा त्याच्या सांध्यांतच लिहिलेला असतो.

असा एखादा कारागीर म्हैसूर शहरातील लष्कर मोहल्ल्यात, सेंट फिलोमिना चर्चच्या मनोऱ्यांच्या छायेत राहतो, अशी कल्पना करावी. वस्तीच्या नावातला 'लष्कर' हा फारसी शब्द मराठीनेही केव्हाच आपलासा केला आहे. पुण्यातही त्या नावाचा भाग आहे. या कारागिराला प्रतिकृतीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. तेथून उत्तरेस सुमारे १५ किलोमीटरांवर श्रीरंगपट्टण आहे, आणि अठराव्या शतकात तेथील फौजेचे लोखंडी बाण सर्वत्र धाक बसवून होते.

बाण हे शस्त्र मराठ्यांनाही परके नव्हते. त्यांच्या फौजांतही बाणांचे कारखाने होते, आणि दिवाळीत आकाशात सोडावयाच्या दारूकामाला आपण अद्याप 'बाण' हेच नाव देतो. तथापि हैदर अली व टिपू सुलतान यांच्या बाणांचे वेगळेपण त्यांच्या नळीत होते. युरोपातील बाणांची नळी बहुधा कागदी पुठ्ठ्याची असे. आत दारू फार ठासली तर ती फुटे. म्हैसूरच्या कारागिरांनी लोखंडी पत्र्याची नळी केली. तिला अधिक दाब सोसत असल्यामुळे दारू घट्ट ठासता येई, आणि बाण हजार यार्ड किंवा त्याहूनही लांब जाई. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूर येथे कर्नल बेलीच्या इंग्रज तुकडीचा मोड झाला, त्यात या बाणांचा वाटा मोठा मानला जातो. १७९१ साली हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा टिपूविरुद्ध इंग्रजांच्या साह्यास गेल्या, तेव्हा मराठ्यांचा मुक्कामही याच मुलखात पडला होता.

आता प्रतिकृती करावयाची, तर मापे हवीत. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालाच्या भिंतींवर पोल्लिलूरची लढाई चितारलेली आहे. पण ती चित्रे पुढे पुन्हा रंगविली गेली, आणि चित्रकाराचा हेतू विजय दाखविण्याचा होता, सांधे दाखविण्याचा नव्हे. म्हणून प्रत्यक्ष वस्तूकडे वळावे लागते. इंग्लंडात वुलिच येथील तोफखान्याच्या संग्रहात म्हैसूरचे दोन बाण जतन झाले. शास्त्रज्ञ रोड्डम नरसिंह यांनी १९८५ सालच्या आपल्या निबंधात त्यांची मापे दिली आहेत. एकाची नळी १९८ मिलिमीटर लांब व ३७ मिलिमीटर व्यासाची. ती कातड्याच्या पट्ट्यांनी सहा फूट तीन इंच लांबीच्या बांबूला बांधलेली. दुसऱ्याची नळी २५४ मिलिमीटर लांब व ५८ मिलिमीटर व्यासाची; तिला काठीऐवजी तीन फूट चार इंचांचे सरळ तलवारीचे पाते जोडलेले.

एकास दहा या प्रमाणात पहिल्या बाणाची नळी जेमतेम दोन सेंटिमीटर होते, आणि काठी मात्र एकोणीस. म्हणजे डोळ्यांत भरते ती नळी नव्हे, काठी. हौशी चित्रांत नेमके हेच प्रमाण बिघडते. नळी फुगते आणि काठी आखूड होते. पण काठी शोभेसाठी नाही. नळी पेटली की तिच्या तोंडातून वेगाने बाहेर पडणारा वायू बाणाला पुढे लोटतो. मागची लांब काठी नसेल तर तो हवेत गिरक्या खाऊ लागेल. बांबू आखूड करणारा कारागीर, नकळत, न उडणारा बाण तयार करतो.

या काठीचा पुढील प्रवासही पाहण्यासारखा आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि बाण इंग्रजांच्या हाती लागले. काही नमुने वुलिचला पोहोचले. तेथे विल्यम काँग्रीव्ह याने आपले बाण सिद्ध केले, आणि १८०७ साली ते कोपनहेगनवर बरसले. आरंभी त्यानेही काठी नळीच्या बाजूलाच बांधली होती. १८१५ साली त्याने ती मध्यभागी आणली. १८४४ साली विल्यम हेल याने बाणाला स्वतःभोवती फिरत ठेवून काठीच काढून टाकली. काठीच्या या तीन अवस्था ज्याला बारकाईने घडविता आल्या, त्याने अर्ध्या शतकाचा इतिहास टेबलावर मांडला असे समजावे.

या इतिहासाची साधने अजूनही हाती येत आहेत. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात नगर नावाचे गाव आहे. मराठी इतिहासात ते बिदनूर म्हणून परिचित आहे. तेथील एका जुन्या विहिरीतून २००२ साली सुमारे १६० गंजलेले बाण निघाले, आणि २०१८ साली एक हजाराहून अधिक. काठ्या व कातडी बांधण्या काळाने नेल्या. उरल्या त्या नुसत्या लोखंडी नळ्या.

ज्या लोहारांनी पत्रा वळविला, ज्यांनी दारू ठासली, ज्यांनी ओले कातडे ओढून गाठ मारली, त्यांची नावे कोणत्याही लढाईच्या वर्णनात येत नाहीत. सेनापतींची नावे दगडावर कोरली गेली. या माणसांची ओळख त्यांच्या हातच्या कामातच राहिली आहे. म्हणून प्रतिकृती करणाऱ्याने कातड्याची पट्टी नुसती रंगाच्या रेघेने दाखवू नये. ती खरोखरीच गुंडाळावी, आणि गाठ मारताना ती पहिल्यांदा कोणाच्या हातांनी मारली असेल, याचा क्षणभर विचार करावा.