माऊस कुणाच्या हातात? शाळेच्या संगणकावरील खेळाचे विवेचन

शाळेच्या संगणकावर मुले खेळतात, ही तक्रार शाळेतल्या संगणकाइतकीच जुनी. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पात सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो यंत्रे दिली; त्या यंत्रांवरही खेळ होतेच. पुढे विंडोजसोबत सॉलिटेअर आणि माइनस्वीपर आले. आज त्यांची जागा ब्राउझर गेमने घेतली आहे. पण हा बदल नुसता नावाचा नाही, म्हणून आधी व्याख्या.

ब्राउझर गेम म्हणजे जो इन्स्टॉल करावा लागत नाही, पान उघडले की सुरू होतो आणि पान मिटले की हिस्टरीतल्या एका ओळीखेरीज मागे फारसे काही ठेवत नाही. लॅबच्या दृष्टीने या व्याख्येत तीन गोष्टी दडल्या आहेत. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. जुने, मंद यंत्रही त्याला पुरते. आणि सर दारात दिसताच कंट्रोल व डब्ल्यू दाबले की पुरावा पडद्यावरून नाहीसा. पूर्वीचा खेळ यंत्रात राहत असे, तो काढून टाकता येई. आताचा खेळ बाहेर राहतो आणि फक्त भेटीला येतो.

म्हणूनच त्याला अडवणे अवघड. बहुतेक फिल्टर पत्त्यांच्या यादीवर चालतात. सुरक्षित जोडणीत पुढच्या पानाचा पत्ता सांकेतिक होतो आणि साध्या फिल्टरला फक्त संकेतस्थळाचे मुख्य नाव कळते. गुगल साइट्सवर कोणी खेळांचे पान टाकले, तर ते अभ्यासाच्या पानांच्याच पत्त्याखाली बसते. ते अडवायचे तर शेजारची अभ्यासाची पानेही जातात. शिवाय एक खेळ म्हणजे एक पत्ता नव्हे. ‘२०४८’ हा आकडे जुळवण्याचा खेळ इटलीच्या गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या तरुणाने मार्च २०१४ मध्ये कोडसह खुला केला, आणि त्याच्या प्रती जगभर पसरल्या. २०२० च्या अखेरीस अडोबीने फ्लॅश बंद केले, तेव्हा जुने खेळ संपतील असे वाटले होते. ते संपले नाहीत; काही एचटीएमएल फाइव्हमध्ये नव्याने आले, काही रफल या अनुकरणी प्रणालीवर चालू लागले.

आता दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावाचा विचार करू. इथे फिल्टरच्या आधी जोडणीचा प्रश्न येतो. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यूडायसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. पण जोडणी असणे वेगळे आणि पिरेडभर टिकणे वेगळे. “नेट गेलं जी सर” हे वाक्य आपल्या वऱ्हाडात तक्रारीच्या सुरात उच्चारले जाते, पण ऐकणाऱ्याने पडद्याकडेही पाहावे. क्रोममध्ये २०१४ पासून, नेट गेले की डायनासोर येतो. स्पेस बार दाबला की तो निवडुंगांवरून उड्या मारत धावू लागतो. ज्या खेळाला चालायला नेट लागत नाही, तो नेमका नेट नसतानाच समोर येतो. शाळांना तो बंद करता यावा अशी सोय गुगलने पुढे केली. मात्र त्यासाठी यंत्रांची व्यवस्था पाहणारा माणूस शाळेत असावा लागतो.

इथे मूळ कारणाकडे येतो. माझ्या मते खेळ मुलांच्या चंचलपणातून जितका येतो, त्याहून जास्त रिकाम्या पिरेडमधून येतो. शाळांत संगणक पुरवणाऱ्या केंद्राच्या आयसीटी योजनेच्या २०१० च्या सुधारित रूपात शाळेमागे किमान दहा संगणक धरले होते. महाराष्ट्रात ही योजना ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर चालली: पाच वर्षे कंपनीने लॅब चालवायची, मग ती शाळेकडे सोपवायची. मुदत संपल्यावर यंत्रे शाळेत राहतात. ती शिकवणारा राहीलच असे नाही. मग गणिताचे किंवा भूगोलाचे सर मुलांना लॅबमध्ये बसवून वह्या तपासतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता हिशेब. वर्गात साठ मुले आणि यंत्रे दहा धरली, तर एका यंत्रामागे सहा. पस्तीस मिनिटांच्या पिरेडमधली दहा मिनिटे रांग लावण्यात आणि यंत्र सुरू होण्यात गेली, तर उरलेल्या पंचवीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात. तीही वाटून घेतली तरच. प्रत्यक्षात माऊस एकाच्याच मुठीत असतो, दोघे कीबोर्डाला खेटलेले आणि बाकीचे मागून मान उंचावून “डावीकडं घे, डावीकडं” करत असतात. ‘मुले खेळतात’ हे विधान म्हणूनच शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे. एक मूल खेळते, पाच पाहतात.

या भेदाने एक जुना वाद निराळा दिसतो. शिक्षणावर संशोधन करणाऱ्या सुगाता मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला. पुढे असा प्रयोग आपल्या सिंधुदुर्गातही झाला. मुले गटाने, एकमेकांना सांगत शिकतात, हा मित्रांचा निष्कर्ष. मार्क वॉरशॉअर यांच्यासारख्या टीकाकारांनी दाखवले की मुलांचा बराच वेळ खेळात आणि पेंटमध्ये चित्रे काढण्यात जात होता. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. सांगणारा शिकतो, चालवणारा शिकतो. प्रश्न उरतो तो तिसऱ्या रांगेतल्या मुलीचा, जिला पडदाही नीट दिसत नाही. तिच्यासमोर खेळ असो की स्प्रेडशीट, फरक शून्य. खेळबंदीच्या नियमाने तिला काहीच मिळत नाही. दर चार मिनिटांनी जागा बदलण्याच्या नियमाने मिळते, आणि त्याला ना फिल्टर लागतो ना निधी.

एक आक्षेप उरतो: मग खेळू द्यायचे का? खेळ आणि अभ्यास यांतली रेघ वाटते तितकी ठळक नाही, याचे उदाहरण स्क्रॅच. ही प्रोग्रॅमिंगची भाषा एमआयटीने २००७ साली मुलांसाठी आणली. शिक्षक तिला आनंदाने परवानगी देतात, आणि तिच्या संकेतस्थळावर मुलांनीच केलेले असंख्य खेळ आहेत. पोट्टे तिथेही खेळतातच. फरक इतकाच की तिथल्या प्रत्येक खेळाच्या पानावर त्याचा कोड उघडणारे बटण असते. उडीची उंची ठरवणारा आकडा सापडला, तो दुप्पट केला आणि पात्र पडद्याबाहेर गेले, तर पुढचा अर्धा तास कुणी नवा खेळ मागत नाही. चार मिनिटांच्या पाळीत मात्र तो आकडा शोधेपर्यंत माऊस दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.